गोंधळातलं आवाहन शिकताय? आधी एवढं करा

दादा, हौस धरलीत हे चांगलं. देवीच्या गोंधळाच्या विधीत चौक म्हणजे पूजेची मांडणी झाली, दिवटी म्हणजे मशाल पेटली की देवांना नावं घेऊन बोलवायचं, तेच आवाहन, आणि नवखा माणूस नेमका तिथंच घाई करतो.

पहिलं म्हणजे यजमानांचं कुलदैवत विचारून घ्या. ते सुटलं तर घरातली म्हातारी माणसं वर्षभर बोलून दाखवतात! मग गावासकट नावं पाठ करा: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी, औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई, शिखर शिंगणापूरचा महादेव. नुसतं ‘खंडोबा’ म्हणू नका. जेजुरीचाही आहे, आपल्या कराडकडं पालीचाही आहे. ज्याचा त्याला आपला ऐकायचा असतो.

दुसरं, सुराची पट्टी. पहिल्याच नावाला आवाज चढवलात तर पुढं आख्यानापर्यंत, म्हणजे कथा सांगायची वेळ येईपर्यंत, घसा बसलाच म्हणून समजा. तुणतुण्याची तार धरून खालून सुरू करा.

‘गोंधळाला यावं’ हे झीलकऱ्यांचं, म्हणजे मागं उभं राहून साथीला गाणाऱ्यांचं. तिथं तुम्ही थांबायचं, पुढचं नाव त्यांच्या अंगावर टाकायचं नाही. बहुतेकांचं इथंच बिघडतं.

संबळाला, म्हणजे गोंधळातल्या त्या जोडवाद्याला, एवढ्यात हात लावू नका. आख्यानंही नंतर बघू. सध्या कुणाच्या तरी मागं उभं राहून झील धरा.