टिकलेले की टिकवलेले?

प्रश्न असा आला आहे: डब्लिनच्या सेंट मिकान चर्चवरचा लेख मराठीत आणताना 'चर्चच्या भुयारात नैसर्गिकरीत्या जतन केलेली प्रेतं' असं लिहिलं तर चालेल का? आणि त्यांना 'ममी' म्हणावं का?

'जतन केलेली' आधी काढा. 'केलेली' म्हटलं की कोणी केली, हे वाचक विचारणारच, आणि इथे तर कोणीच काही केलेलं नाही. मराठीत यासाठी 'टिकणे' आणि 'टिकवणे' अशी जोडी तयार आहे. झाडावर वाळलेली मिरची आणि अंगणात वाळवलेली मिरची यांत आपण गोंधळ करत नाही, तसंच हे. इजिप्तमधले देह टिकवलेले: आतडी काढून, नॅट्रॉन नावाच्या क्षारात वाळवून, पट्ट्यांत गुंडाळलेले. डब्लिनमधले टिकलेले. लाकडी पेट्यांत घालून ते खाली ठेवले गेले, एवढंच. पुढचं काम तळघरानं केलं. चुनखडीच्या भिंतींमुळे हवा कोरडी आणि तापमान जवळजवळ सारखं राहिलं, म्हणून देह कुजण्याऐवजी वाळत गेले. कालांतरानं पेट्या मोडल्या आणि हाडांवर चामड्यासारखं ताणलेलं कातडं उघडं पडलं. म्हणून लिहा: 'आपोआप वाळून टिकलेले देह'.

'ममी' खुशाल वापरा. शब्दाच्या मुळाशी फारसी 'मोम' म्हणजे मेण आहे, हिंदीतल्या 'मोमबत्ती'तला. त्यावरून डांबरासारख्या एका पदार्थाला 'मूमिया' म्हणत. इजिप्तच्या देहांवरचा काळा थर तोच आहे असं समजून ते नाव देहांनाच चिकटलं. आज मात्र लेप न लावता टिकलेल्या देहालाही ममीच म्हणतात. पहिल्यांदा 'नैसर्गिक ममी' म्हणा, पुढे नुसतं 'ममी' पुरे.

'प्रेत' मला इथे खटकतं. त्यात अजून अंत्यविधी व्हायचा आहे अशी छटा आहे, शिवाय भुताचीही. 'शव' म्हटलं तर गोव्यातल्या वाचकाला जुन्या गोव्याचा सेंट फ्रान्सिस झेवियरचा शवप्रदर्शन सोहळा आठवेल, आणि तिथे त्या शब्दाला श्रद्धेचं वजन आहे. डब्लिनच्या देहांना कोणी संत मानत नाही. 'देह' सगळ्यांत नीट बसतो.

'भुयार' नको, कारण भुयार कुठून तरी कुठे तरी जातं. इथे दगडी पायऱ्या उतरून गेलं की कमानदार खोल्या लागतात. 'दफनाचं तळघर' म्हणा. चर्चची स्थापना १०९५ची असली तरी आजची इमारत १६८६च्या सुमाराची आहे, हेही सांभाळा. 'पॅरिश' म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर; त्यासाठी वसईकडच्या ख्रिस्ती समाजाचा 'धर्मग्राम' हा शब्द उत्तम आहे.

आता काळ. तुमच्या मूळ लेखात सगळं वर्तमानकाळात असणार. या देहांपैकी 'क्रुसेडर' (धर्मयुद्धातला योद्धा) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच देहाचं डोकं २०१९मध्ये चोरीला गेलं आणि काही दिवसांत परत मिळालं. मात्र जून २०२४मध्ये तळघरात लावलेल्या आगीनं, आणि ती विझवताना आत शिरलेल्या पाण्यानं, या देहांची फार मोठी नासाडी झाली. शेकडो वर्षं ज्या कोरडेपणावर ते तगले, तोच गेला. तेव्हा 'टिकून आहेत' असं लिहू नका. 'टिकून राहिले होते' असं लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात आगीचं सांगा.