सुनील छेत्रीचे बहुतेक गोल दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, मग त्याला मोठा स्ट्रायकर का म्हणायचं?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही लिहिलंय की, "मालदीव, नेपाळ, बांगलादेशपुढे कोणीही मारेल." हे वाक्य मी सोळा वर्षांचा असताना ऐकलंय. फक्त देशांची नावं नव्हती त्यात. म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आधी तुमच्या प्रश्नाचं. हो, मोठाच. भारताकडून मारलेल्या ९५ गोलांतले बरेच दक्षिण आशियातल्या संघांवर झालेले आहेत, हे मान्य. पण छेत्री ज्या मालदीवपुढे खेळला, त्याच मालदीवपुढे आपले बाकीचे दहाजणही खेळत होते. २००५ ते २०२५, वीस वर्षांत किती फॉरवर्ड आले आणि गेले. कोणीही मारू शकत होतं, तर मारले का नाहीत?

आता माझं सांगतो.

ऑगस्ट २००८. परभणीला सतरा वर्षांखालच्या मुलांची जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा होती. काळ्या मातीत पावसाळ्यात फुटबॉल खेळणं म्हणजे काय, हे खेळल्याशिवाय कळत नाही. दोन सरी पडल्या की माती बुटाला अशी धरते की वीस पावलांत बूट दुप्पट जड होतो. बॉल टप्पा घेत नाही, पडला तिथं रुतून बसतो. आणि शालेय स्पर्धा नेमक्या याच दिवसांत येतात.

पहिली मॅच एका खेड्यातल्या शाळेशी. लेकरं काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून आलेली, चार-पाचजण अनवाणी. आम्हाला वाटलं, दहा-बारा गोल सहज होतील. त्यांच्या मास्तरांनी अकराच्या अकरा पोरं गोलपुढं आणून उभी केली. बाजारच्या दिवशी एसटीच्या दारात माणसं दाटतात, तशी. आमची पोरं लांबून फटके मारायची आणि बॉल कुणाच्या तरी पाठीला, गुडघ्याला लागून परत यायचा. हाफटाइमला शून्य-शून्य.

ज्यांनी मैदानात पाय ठेवलेला नाही त्यांना हेच कळत नाही. तगडा संघ पुढं चढतो, त्याच्या पाठीमागं मैदान मोकळं राहतं, तिथं पळता येतं. दुबळा संघ मागं येऊन बसतो आणि फटच ठेवत नाही. तिथं तुमचा वेग काय करणार? तिथं एकच गोष्ट चालते. बॉल कुठं पडणार हे बाकीच्यांच्या आधी कळलं पाहिजे, आणि कळल्यावर तिथं जाऊन उभं राहिलं पाहिजे. दहा वेळा गेलात तर नऊ वेळा बॉल येत नाही. तरी दहाव्यांदा जायचं.

दुसऱ्या हाफमध्ये मी चार मारले. एकही बघण्यासारखा नव्हता. एक कीपरच्या हातातून निसटलेला, एक कॉर्नरवर मांडीला लागून गेलेला, एक पेनल्टी, आणि एक चिखलात अडकून पडलेला बॉल, जो दोन्हीकडच्या कुणालाच दिसला नव्हता. जिंकलो ४-०. मी धावत सरांकडं गेलो. सर म्हणाले, "त्या लेकरांपुढं तर म्या बी मारले असते. असले गोल मोजायचे नसतात."

दोन दिवसांनी फायनल, शहरातल्या तगड्या शाळेशी. सरांनी मला बाकावर बसवलं. "मोठ्या मॅचला मोठा गडी लागतो. उंची बघ तुझी." माझ्या जागी बॅकला खेळणारा एक उंच मुलगा पुढं दिला. तो चांगला खेळाडू होता, त्याचा दोष नाही. पण बॅकचं डोकं बॉल दूर करायचं असतं, बॉलची वाट बघायचं नसतं. त्यांच्या गोलपुढं तीनदा बॉल मोकळा पडला आणि तिन्ही वेळा तिथं आमचं कुणी नव्हतं. आम्ही ०-१ हरलो. मला शेवटची आठ मिनिटं मिळाली. त्यात दोनदा बॉलला पाय लागला.

त्याच महिन्याच्या १३ तारखेला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपची फायनल झाली. स्पर्धा हैदराबादला चालली होती, पण पावसानं मैदानाची दैना झाली म्हणून फायनल दिल्लीला हलवली. भारत ४, ताजिकिस्तान १, छेत्रीची हॅटट्रिक. सेमीफायनलला म्यानमारविरुद्धचा एकुलता एक गोलही त्याचाच होता. या जिंकण्यानं आपण १९८४ नंतर पहिल्यांदा आशिया चषकाला पात्र ठरलो. दोनच दिवसांपूर्वी अभिनव बिंद्रानं ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं होतं, त्यामुळं पेपर सगळा त्याच्यानं भरलेला, ते योग्यही होतं. छेत्रीची बातमी आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. मी ती कापून कंपासपेटीत ठेवली. उंची पाच फूट सात इंच, असं कुठंतरी वाचलं होतं, ते मागच्या बाजूला पेनानं लिहिलं. सरांना दाखवली तर म्हणाले, "ताजिकिस्तान? हे कुठं आलं?"

तेव्हापासून हा वाद चालू आहे. तुम्ही विचारलं तेच सर विचारत आलेत, म्हणून मला याची उत्तरं तोंडपाठ आहेत.

२०११ चा आशिया चषक, दोहा. आपण तिन्ही मॅच हरलो, त्यातही ऑस्ट्रेलियानं चार घातले. पण बहरीनविरुद्ध छेत्रीचा गोल आहे आणि दक्षिण कोरियाविरुद्धही आहे. कोरियाचा पेनल्टीवर आहे, लगेच बोट दाखवू नका. कोरियासमोर पेनल्टी घ्यायलाही कुणीतरी पुढं यावं लागतं. त्याआधी ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्यात, आपल्या बालेवाडीला, व्हिएतनामविरुद्ध हॅटट्रिक. विश्वचषक पात्रतेत ओमानविरुद्ध २०१५ ला बंगळुरूत एक आणि २०१९ ला गुवाहाटीत एक. गुवाहाटीत तर शेवटची आठ-दहा मिनिटं राहीपर्यंत आपण त्या एका गोलावर पुढं होतो, मग दोन खाल्ले. ते छेत्रीनं खाल्ले का? जानेवारी २०१९ ला अबू धाबीत थायलंडला ४-१ हरवलं, त्यातले दोन त्याचे. आणि पहिला गोल पहिल्याच मॅचला, १२ जून २००५, क्वेट्टा, पाकिस्तानच्या घरात, पाकिस्तानविरुद्ध. मॅच १-१ सुटली.

एकच गोल बघायला वेळ असेल तर १३ जून २०१७ ची किर्गिझस्तानविरुद्धची मॅच काढा. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. मॅच १-० जिंकली आणि तो एक गोल त्याचा.

मी त्याला प्रत्यक्ष एकदाच पाहिलंय. १ जून २०१८ ला मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध, म्हणजे तैवानविरुद्ध, ५-० जिंकलो, त्यात त्याची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकला. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण मैदानात येऊन द्या, अशी हात जोडून विनंती केली. देशाचा कॅप्टन, हॅटट्रिक मारलेला, माणसांना या म्हणून विनवतोय. मला ते बघवलं नाही. ठाण्याच्या मित्राला तिकीट काढायला लावलं आणि ३ तारखेच्या रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो. जागा मिळाली नाही, मनमाडपर्यंत दारात बसून गेलो.

४ जूनला अंधेरीत त्याची शंभरावी मॅच, केनियाशी. तिकिटं संपलेली. आणि पाऊस असा की मैदानावर पाणी साचलं. पाऊस बघितला की आमच्याकडच्या माणसाच्या मनात आधी पेरणीचा हिशोब येतो. त्या रात्री पहिल्यांदा आला नाही. मला दिसत होता २००८ चा चिखल. बॉल तसाच पाण्यात अडकत होता, पास पोचत नव्हते, दोन्हीकडची पोरं घसरत होती. पहिल्या हाफमध्ये एकही गोल नाही. मग ६८ व्या मिनिटाला त्याची पेनल्टी, लगेच आपल्या दुसऱ्या फॉरवर्डचा, जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीनं कीपरच्या डोक्यावरून अलगद घातलेला तिसरा. ३-०. मी भिजून चिंब झालो होतो, घसा बसला होता. बाजूला एक अनोळखी काका होते, त्यांच्या गळ्यात पडून रडलो. तिकीट अजून माझ्याकडं आहे. परभणीला येऊन सरांना दाखवलं. "केनिया," एवढंच म्हणाले.

आता काही गोष्टी तुमच्या बाजूच्याही आहेत, त्या लपवत नाही. मेस्सीच्या आकड्याशी त्याचा आकडा जोडणं चूक आहे, ती तुलना करणारे त्याचं नुकसानच करतात. परदेशात त्याचं जमलं नाही. इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडं जायचं ठरलं होतं, तर भारताचं रँकिंग खालचं म्हणून वर्क परमिट मिळालं नाही. पण पुढं अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी आणि पोर्तुगालमधल्या स्पोर्टिंग या क्लबांत संधी मिळाली, तिथं तो टिकला नाही. २०२४ च्या जानेवारीतल्या आशिया चषकात आपण तीन मॅचमध्ये एकही गोल केला नाही, त्यात तोही आला. त्याच्या १५० व्या मॅचला, मार्च २०२४ ला, गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, ९४ वा गोल त्याच मॅचमधला. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-० करून तो निवृत्त झाला, तिथं थांबायला हवं होतं. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, हे मला आजही पटलेलं नाही. शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरनं ९५ वा मारला, आनंद झाला, पण चाळिशीच्या माणसाला परत बोलवावं लागतं म्हणजे मागं कुणी तयारच केलं नाही. २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता शेवटी हुकलीच.

आणि ती का हुकली, तर त्याला माझ्या सरांसारखी माणसं कारण आहेत. गोलपुढं योग्य जागी उभं राहणारं पोर दिसलं की आपल्याकडं त्याला नशीबवान म्हणतात आणि उंच, दांडगा पोरगा पुढं देतात. तुमच्या हाताखाली पोरं खेळत असतील तर कृपा करून हे करू नका. पहिल्या मॅचला ज्यानं मारले त्याला फायनलला बाकावर बसवू नका. समोरचा संघ कसा होता हे नंतर बघा, पोरगं बॉलपर्यंत पोचलं कसं ते आधी बघा. मी संध्याकाळी वीस-बावीस पोरांना खेळवतो. वहीत प्रत्येक गोल लिहितो, कुणाविरुद्ध होता ते लिहीत नाही.

सर आता निवृत्त आहेत, जिंतूर रोडला राहतात. मनानं माणूस चांगला. मला पहिले बूट त्यांनीच स्वतःच्या पैशानं घेऊन दिले होते, हेही लिहिलं पाहिजे. ते हे वाचतील, त्यांची सून त्यांना मोबाइलवर वाचून दाखवते. सर, फायनलला तीन बॉल मोकळे पडले होते. पहिला डाव्या खांबापाशी. दुसरा कीपरनं थोपवल्यावर पेनल्टीच्या खुणेच्या थोडा अलीकडं. तिसरा कॉर्नरनंतर उजव्या खांबाच्या पायथ्याशी, चिखलात, जवळपास थांबलेलाच. तिन्ही वेळा मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो.