सागाच्या पानांची जाळी झाली. झाडे विकून टाकू का?

प्रश्न : ढेबेवाडीजवळ आमच्या बांधावर सासऱ्यांनी ९ वर्षांपूर्वी लावलेले ३४ साग आहेत. गणपती गेल्यापासून पाने तपकिरी पडली. पान उन्हात धरले तर नुसती जाळी दिसते. दुकानदार म्हणतो जहाल औषध मारा, शेजारी म्हणतात झाडे वाळतील, आताच विका. खाली सोयाबीन आहे, पलीकडे दिरांची तुती. काय करावे?
— एक वाचक, ता. पाटण

उत्तर : ताई, एकही झाड विकू नका. तुमचे पत्र वाचले आणि आमच्या रोपवाटिकेमागच्या सागाचे पान तोडून पाहिले. तशीच जाळी! गेली २६ वर्षे मी ही जाळी बघतेय, तिच्यामुळे मोठे झाड वाळलेले मला आठवत नाही.

हे काम युटेक्टोना नावाच्या छोट्या पतंगाच्या अळीचे. ती शिरांमधला हिरवा गर खाते, शिरा तशाच ठेवते. पावसाळा सरत आला की तिचा जोर वाढतो. तोवर सागाची वर्षाची बरीचशी वाढ झालेली असते आणि पुढे ही पाने गळायचीच असतात.

खरी काळजी दुसऱ्या अळीची, हिब्लियाची. ती पावसाळ्याच्या तोंडाशी, कोवळ्या पालवीवर तुटून पडते. पानाची कड कापून दुमडते, त्या घडीत लपते, आणि जाड शिरा सोडून पान फस्त करते. अळ्या भरपूर असल्या तर खाली पडणाऱ्या लेंड्यांचा पावसासारखा आवाज येतो. मी तो ऐकलाय, अंगावर काटा येतो. केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या तरुण सागांवर ५ वर्षे मोजणी केली. हिब्लियामुळे लाकडाची ४४ टक्के वाढ बुडाली होती. जाळीवाल्या अळीने मात्र वाढीत म्हणावा असा फरक पडला नव्हता. याच संस्थेने हिब्लियाला मारणाऱ्या विषाणूवरही काम केले आहे.

म्हणून आता फवारणी नको. पाठीवरचा पंप ३० फुटांवर पोचत नाही. औषध खाली सोयाबीनवर पडेल, वाऱ्याने तुतीवर जाईल. त्या पाल्याने दिरांच्या रेशीमकिड्यांची अख्खी बॅच मरेल. गळलेला पालाही पेटवू नका. अळ्यांना मारणाऱ्या गांधीलमाशीसारख्या बारीक माश्या त्यातच असतात, आणि डोंगराला वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

वळीव पडून पालवी फुटली की दर ३-४ दिवसांनी पानांच्या कडा बघा. हाताला येणाऱ्या फांद्यांवरची दुमडलेली पाने तोडून चिरडा. नवी रोपे लावलीत तर त्यांना ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा, अळ्या बारीक असतानाच. दुकानात बीटी जिवाणूची पावडर मिळते. इतरांना मी ती सुचवते, पण तुम्ही आणू नका. रेशीमकिडाही अळीच, तीही त्याने मरते.