जपानी ताटात न दिसणारा मासा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही पतिपत्नी येत्या एप्रिलमध्ये टोकियो, क्योतो आणि ओसाका पाहायला निघालो आहोत. दोघेही शाकाहारी असून अंडेही खात नाही. जपानमध्ये टोफू आणि भाज्या सगळीकडे मिळतात, तेव्हा काळजी नको, असे सहल आखून देणाऱ्यांनी सांगितले आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत असेलच. पण तिथे जाऊन तिथले जेवण चाखायचे नाही, हे मनाला पटत नाही. काय करावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली इच्छा पुरी होण्यासारखी आहे. मात्र टोफू सगळीकडे मिळतो म्हणून शाकाहारी जेवणही सगळीकडे मिळेल, हा आपल्या सल्लागारांचा हिशेब चुकीचा आहे. जपानी स्वयंपाकातला मासा पुष्कळदा ताटात दिसत नाही, तो पाण्यात उतरलेला असतो. शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप करतात. त्यांना ‘कात्सुओबुशी’ म्हणतात. हे काप आणि ‘कोंबू’ नावाचे समुद्री शेवाळ यांचा गरम पाण्यात उतरवून गाळून घेतलेला अर्क म्हणजे ‘दाशी’. आंबवलेल्या सोयाबीनच्या ‘मिसो’चे सूप, सोबा आणि उदोन या शेवयांचा रस्सा, मंद आचेवर शिजवलेला भोपळा किंवा मुळा, तळलेल्या टोफूवर ओतलेले सार, या सगळ्यांत साधारणपणे दाशीच असते. त्यामुळे “यात मासा आहे का?” असे विचारल्यावर वाढणारी व्यक्ती प्रामाणिकपणे “नाही” म्हणते, कारण गाळून टाकलेल्या कापांना ती मासा धरत नाही. प्रश्न ‘दाशी कशाची आहे?’ असाच विचारायला हवा. “आम्ही मांस, मासे, कोळंबी-शिंपल्या, अंडी आणि माशाची दाशी खात नाही” हे वाक्य जपानीत लिहिलेला कागद खिशात ठेवावा. तोंडी समजावण्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. भाज्यांच्या तेंपुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठातही बहुधा अंडे असते, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जपानी पाहुणचार पूर्वतयारीवर चालतो. पारंपरिक ‘र्‍योकान’मध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या निवासात, रात्रीचे जेवण माणशी मोजून आणि त्या दिवशीचा बाजार पाहून ठरलेले असते, तर लहान उपाहारगृहात दाशी आधीच तयार करून ठेवलेली असते. अशा ठिकाणी ऐनवेळी “आम्हांला मासा नको” म्हटले की यजमान अडचणीत येतात आणि बऱ्याचदा नम्रपणे नकार देतात. त्या नकारात अनादर नसतो. नीट देता येणार नाही ते देऊ नये, अशी त्यामागची वृत्ती असते. तीच मागणी आरक्षणाच्या वेळी कळवली, तर पुष्कळ ठिकाणी कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांच्या दाशीवर स्वयंपाक करून देतात.

माझा आग्रहाचा सल्ला असा की ओसाकातला एक मुक्काम कमी करून तो वाकायामा प्रांतातल्या कोयासान या डोंगरावर करावा. कूकाई या भिक्षूने 816 साली सम्राटाकडून ही जागा मिळवली आणि तिथे शिंगोन या बौद्ध पंथाचे केंद्र उभारले. आज तिथे शंभराहून अधिक मंदिरे असून त्यांतली सुमारे पन्नास मंदिरे प्रवाशांना मुक्कामाला ठेवून घेतात. तिथे मिळणारे ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचे जेवण मांस, मासे यांच्याशिवाय तर असतेच, शिवाय त्यात कांदा-लसूणही नसतो. मात्र मुळा, गाजर, कमळकाकडी ही कंदमुळे त्यात भरपूर असतात, हे जैन वाचकांनी लक्षात घ्यावे. तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, मांडलेल्या लाखेच्या बुटक्या चौरंगावर पाच-सात लहान वाट्या येतात. त्यांतल्या एकीत तीळ आणि कुझू या कंदाचे सत्त्व घोटून केलेला ‘गोमादोफू’ असतो : नावात टोफू, पण सोयाबीनचा त्यात अंशही नाही. पांढरट, लवचिक चौकोन, वर वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीचा ठिपका आणि खाली चमचाभर सोया सॉस. तो काड्यांनी उचलताना निसटतो, म्हणून आधी काडीनेच तुकडा करावा. शेजारच्या वाटीत बहुधा ‘कोयादोफू’ असतो; तो गोठवून वाळवलेला टोफू असून स्पंजासारखा रस शोषून घेतो.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई मार्गाच्या गाडीने गोकुराकुबाशीपर्यंत आणि पुढे केबल कारने वर जाता येते. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात, त्यामुळे पाचच्या आत पोहोचावे. आणि एप्रिल असला तरी स्वेटर हवाच. पहाटेच्या प्रार्थनेला पाहुण्यांनाही बसता येते आणि काही मंदिरांत ‘गोमा’ हा अग्निविधी होतो. तो म्हणजे चीनमार्गे तिथे पोहोचलेला आपला होमच. जवळच्या ओकुनोइन या विस्तीर्ण स्मशानभूमीत पाच थरांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरे कोरलेली आहेत. देवनागरी वाचणाऱ्याला ती सगळी लागणार नाहीत, पण अगदी परकीही वाटणार नाहीत.

प्रश्न : गरम पाण्याच्या सार्वजनिक कुंडात वस्त्रांशिवाय उतरावे लागते, असे ऐकले. संकोच वाटतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्त्री-पुरुषांची कुंडे बहुतेक ठिकाणी वेगळी असतात, आणि पोहण्याचा पोशाख बहुधा चालत नाही. आधी बाहेरच्या नळाशी बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, मगच कुंडात उतरायचे. हातातला लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. गोंदण असल्यास काही ठिकाणी मज्जाव असतो, तेव्हा आधी विचारावे. फारच संकोच वाटत असेल, तर तासाच्या हिशेबाने मिळणारे खाजगी कुंड निवडावे.

प्रश्न : जपानमध्ये गणपती आहे म्हणतात. दर्शन कुठे होईल? – एक वाचक, पेण

उत्तर : गणपती आहे, पण दर्शनाची अपेक्षा ठेवू नये. ‘कांगितेन’ किंवा ‘शोतेन’ या नावाने तो बौद्ध परंपरेत पूजला जातो. पुष्कळदा आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींच्या रूपात. मूर्ती मात्र बंद देव्हाऱ्यात असते. टोकियोतल्या आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन या मंदिरात भक्त त्याला मुळा वाहतात आणि 7 जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सवही होतो. पेणच्या माणसाला अधिक ओळखीची वाटेल ती क्योतोतल्या गिओन भागात कामेया कियोनागा या जुन्या दुकानात मिळणारी मिठाई. तोंड चुण्या घालून बांधलेली पुरचुंडी, आत अझुकी या लहान लाल कडधान्याचे गोड पुरण, त्यात सुगंधी द्रव्ये, आणि तिळाच्या तेलात कडक तळलेली. दिसायला आपला तळणीचा मोदकच, पण पहिल्या घासाला तोंडात नारळाऐवजी धूपाचा वास भरतो, तेव्हा एकच घेऊन आधी चाखून पाहावी.