आईची खुणांची वही

गिरणगावात वाढलेल्या आणि आतापर्यंत चार कादंबऱ्या लिहिलेल्या आपल्या लेखिकेला वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरं.

ताई, मी बँकेत आहे. दोन मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. लिहायचं खूप मनात आहे पण वेळच मिळत नाही. तुम्ही कसं जमवलंत? – एक वाचक, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून पहिलं वाटलं ते हे, की आधी तुमच्या हातातलं एखादं काम कुणीतरी काढून घ्यायला पाहिजे. सासूबाईंचं सगळं तुम्ही एकट्याच बघत असाल तर 'वेळ काढा' असं सांगणं म्हणजे डोक्यावर अजून एक हंडा ठेवणं. मिस्टरांशी बोला. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांनी आईपाशी बसायचं, मुलं मोठी असतील तर कुकर त्यांनी लावायचा. हे आधी ठरू दे, मग लिहिण्याचं.

आता माझं सांगते. माझी दुसरी कादंबरी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर लिहून झाली. मिस्टरांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं, प्रत्येक वेळी चार तास. पहिले काही महिने मी नुसती घड्याळाकडे बघत बसायचे, मग एक दिवस औषधांच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहिल्या आणि तिथून सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. शेजारी एक मावशी बसायच्या, त्यांचा मुलगा आत असायचा, त्या मला विचारायच्या, 'आज किती झालं गं?' स्वेटर किती विणून झाला विचारतात ना, तसं. आणि मिस्टर मशीनवरून सुटून बाहेर आले, चेहरा पांढराफटक, पाय लटपटतायत, की पहिला प्रश्न हा, 'कुठवर आली तुझी बाई?' बाई म्हणजे माझी नायिका.

रोज वहीचं एक पान, म्हणजे साधारण २०० शब्द. वर्षातले २५० दिवस लिहिलंत तरी ५०,००० शब्द होतात, म्हणजे बऱ्यापैकी कादंबरी. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतच्या फास्टमध्ये बसायला जागा मिळाली तर लिहा, नाही मिळाली तर त्या दिवशी फक्त बघा आणि ऐका, लेडीज डब्यात जेवढं ऐकायला मिळतं तेवढं कुठेच नाही.

माझे वडील खूप दारू प्यायचे. मला ते दिवस लिहायचेत पण भाऊ म्हणतो घराची अब्रू वेशीवर टांगू नकोस. काय करू? – एक वाचक, वसई

याचं उत्तर थोडक्यात देता येणार नाही मला, कारण मी स्वतः यातून गेलेय आणि भाऊ माझाही होता.

आमचं घर करी रोड स्टेशनजवळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली. वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, आणि आई खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा अशा खानावळी गल्लोगल्ली होत्या, कारण कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून आलेले पुरुष बायकापोरं गावाला ठेवून इथे एकेका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, त्यांना जेवायला कोण घालणार? या खानावळवाल्या बायका आधी सावकाराच्या कर्जात पार बुडालेल्या असायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांना जरा श्वास घेता आला.

आईकडे बावीस मेंबर, म्हणजे रोजचे जेवणारे, होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं पण हिशोब चोख. तिची एक लाल पुठ्ठ्याची वही होती आणि त्यात प्रत्येक मेंबरची खूण. एकाची छत्री, एकाचा कंगवा, एकाचं बैलाचं शिंग, नेहमी खोकणारे एक काका होते त्यांचा कंदील, का ते तिलाच माहीत. खुणेपुढे रेघा, एक रेघ म्हणजे एक जेवण, पैसे आले की रेघांवर आडवी काट. पेन्सिल इतकी दाबून धरायची की मागच्या पानावर बोट फिरवलं तरी रेघा हाताला लागायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळजवळ अडीच लाख कामगार उतरले. सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिन्यांत मिटेल. भोंगे बंद झाले आणि माझ्या आजीला वेळच कळेनाशी झाली, ती आयुष्यभर भोंग्यावर उठलेली. मेंबरांपैकी बरेच गावाला गेले, जे राहिले त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं. आईने जेवण बंद केलं नाही. आधी भात कमी झाला, मग कालवण पातळ झालं, मग दोन वेळचं एक वेळ झालं पण ताट बंद केलं नाही तिने कुणाचं. आणि वडील, जे कधी कुणावर हात उचलत नव्हते, त्यांनी एका रात्री आईचं मंगळसूत्र गहाण ठेवण्यावरून तिला मारलं. मी आठवीत होते. मी पाहिलं.

हे मी कादंबरीत लिहिलं. भाऊ तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मिस्टरांच्या दहाव्याला आला तेव्हा पहिल्यांदा बोलला.

मला काय कळलं ते सांगते. मी लिहिलं ते खरं होतं आणि ते लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण पहिल्या खर्ड्यात मी फक्त तो हात लिहिला होता. त्या हाताला सहा महिने काम नव्हतं, तो माणूस रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, गिरणीच्या बंद गेटपर्यंत जाऊन परत यायचा, ते मी लिहिलंच नव्हतं, कारण मला राग होता. आईनेच ते दाखवून दिलं. मी तिला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मारलं ते लिही. पण डबा राहिला.' मी पूर्ण प्रकरण परत लिहिलं.

म्हणून तुम्हाला सांगेन, लिहा, भावाने नको म्हटलं तरी लिहा, तुम्ही जे पाहिलंत ते तुमचंही आहे. पण छापायच्या आधी भावाला वाचायला द्या. परवानगी घ्यायला नाही, त्याच्याकडे एखादा डबा असेल जो तुम्ही पाहिला नाही, त्यासाठी. आणि आई असतील तर आधी त्यांना.

फोनवर मराठी टाइप करून कादंबरी लिहिली तर चालेल का? – एक वाचक, विरार

चालेल की. कागद, फोन, बिलाची मागची बाजू, सगळं चालतं. फक्त रोजच्या रोज दुसरीकडे कॉपी ठेवा, फोन गेला की वर्षाचं काम जातं.

तीन प्रकाशकांना कादंबरी पाठवली. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने पैसे भरा छापतो म्हटलं. सोडून देऊ का? – एक तरुण वाचक, कल्याण

नको सोडूस आणि पैसेही भरू नकोस. माझी पहिली कादंबरी चार ठिकाणांहून परत आली, एका ठिकाणी तर पाकीट उघडलेलंही नव्हतं, मी लावलेली टेप तशीच्या तशी होती. फार लागलं होतं ते. मराठीत कादंबरीच्या हजारभर प्रती काढतानाही प्रकाशक दहादा विचार करतो, तेव्हा नवीन नावाला वेळ लागतो, त्यात तुझं लिखाण वाईट असं काही नाही. त्यातलं एखादं प्रकरण कथेसारखं सुटं करून दिवाळी अंकांना पाठव. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे नवीन लिहिणाऱ्याला हाच दरवाजा जरा उघडा असतो. जून-जुलैच्या आत पाठव, गणपती जवळ आले की संपादकांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

आणि कवी नारायण सुर्व्यांचं आठव. जन्मल्यावर टाकून दिलेलं पोर, एका गिरणी कामगाराने उचलून वाढवलं, पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक, आणि लिहीत राहिले. माझे वडील त्यांची कविता पाठ म्हणायचे, संपानंतरही.

मिस्टर जाऊन आठ महिने झाले. आधी रोज लिहायचे, आता पेन हातात घेतलं की काहीच येत नाही. – एक वाचक, भांडुप

बाई गं. आठ महिने म्हणजे काहीच नाही. मला दोन वर्षं लागली. लोक म्हणायचे लिही, मन मोकळं होईल, आणि मला त्या लोकांचा राग यायचा. मी त्या दोन वर्षांत फक्त रोज काय स्वयंपाक केला ते लिहायचे, तारीख आणि भाजी, बस. एकटीसाठी भेंडी पाव किलोसुद्धा जास्त होते हे त्या वहीत चार वेळा आलंय. त्या वेळी माझ्याच्याने तेवढंच व्हायचं. तुमच्याच्याने तेवढंही होत नसेल तर नका लिहू. आणि संध्याकाळी सहा ते आठ कुणाला तरी फोन करा, ती वेळ वाईट असते.

मुलगी चांगली नोकरी सोडून लेखिका होते म्हणतेय, तिला समजवा. – एक आई, ठाणे

तिला सांगा नोकरी सोडू नकोस आणि लिहिणंही सोडू नकोस. माझं घर अठ्ठावीस वर्षं शाळेच्या पगारावर चाललं, पुस्तकांच्या मानधनावर दोन महिनेसुद्धा चाललं नसतं. पण तिने लिहिलेलं तुम्ही एकदा मागून वाचा. ती कदाचित त्याचीच वाट बघतेय.

तुमच्या कादंबरीतली ती खुणांची वही खरी आहे का? असेल तर आता कुठे आहे? – एक वाचक, नायगाव

खरी आहे, माझ्याकडेच आहे, आईच्या नऊवारीत गुंडाळून ठेवलीय. आई गेल्यावर मी ती पानं नीट बघितली. १९८२ आणि ८३ ची पानं रेघांनी भरलीयत आणि आडवी काट जवळपास कुठेच नाही. पण नंतरच्या पानांवर, काही तर ८९ सालची, मधेच एखादी जुनी खूण येते आणि तिच्यापुढे काट असते. म्हणजे कुणीतरी सहा-सात वर्षांनी येऊन देऊन गेलं. छत्रीवाले आले होते, ते मला आठवतं, मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, ते पेढे घेऊन आले होते आणि जिना चढून दम लागला म्हणून दारातच बसले.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एका कार्यक्रमानंतर एक बाई मला भेटल्या, त्यांचे वडील आमच्याकडे जेवायचे, त्यांना वडिलांची खूण बघायची होती. मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. आम्ही दोघी तासभर बसलो पण कुठली ते सांगता येईना, कारण कुणाची कुठली खूण ते फक्त आईच्या डोक्यात होतं आणि मी ते तिला कधी बसून विचारलं नाही. शेवटी त्यांनी सगळ्याच पानांचे फोटो काढून नेले.

बावीसपैकी चौदा खुणा कुणाच्या ते आता मला कळलंय. आठ राहिल्यात. त्यात एक कंगवा आहे, एक बैलाचं शिंग आणि एक काहीतरी तीन पायांचं आहे, तिवईसारखं. तुमच्या घरातलं कुणी संपाच्या आधी करी रोडला दुसऱ्या मजल्यावरच्या खानावळीत जेवायला असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पैशांचं काही नाही. मला फक्त खुणेपुढे नाव लिहायचंय.