नातीच्या अंगात सोडलेल्या पेशी एमआरआयमध्ये दिसतात का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या १४ वर्षांच्या नातीला टाइप १ मधुमेह आहे. परदेशात स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी लिव्हरमध्ये सोडतात आणि कॉन्ट्रास्टने, म्हणजे स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात त्या औषधाने, त्या पाहतात, असं वाचलं. आमच्या हिला सीटी स्कॅनच्या वेळी कॉन्ट्रास्ट दिलं, तर अंगाची आग आग झाली होती. पोरीला दर वेळी तेच सोसावं लागेल का? आणि पेशी जगल्या का, ते नक्की कळतं का?
– केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, वहिनींना दिलं ते आयोडीनचं औषध. ते शिरेतून अंगभर फिरतं, म्हणून ऊब लागते. तुम्ही वाचलेला प्रकार निराळा. तिथे औषध रुग्णाला टोचत नाहीत, पेशींनाच पाजतात. दात्याच्या स्वादुपिंडातून काढलेले पेशींचे पुंजके, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढा, लोहाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवात ठेवतात. पेशी ते कण गिळतात. मग पुंजके पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून, लिव्हरमध्ये सोडतात आणि एमआरआयमध्ये लोहाच्या जागी काळे ठिपके उमटतात. २००८ साली जिनिव्हाच्या डॉक्टरांनी ४ रुग्णांत हे करून पाहिलं. त्यातल्या एकाला आधीच शिरेतून लोहाचं औषध दिलेलं होतं, त्याचं लिव्हरच काळं दिसलं. काळ्यावर काळे ठिपके कुठून दिसणार?

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोच खरा अवघड. टिश्यू कल्चरची रोपं लावली की आपण सरीसरीने फिरून मेलेली मोजतो आणि नांग्या भरतो, म्हणजे त्या जागी नवी रोपं लावतो. लिव्हरमध्ये असं फिरता येत नाही, म्हणून ही सगळी खटपट. यावलला आमचे वडील नव्या रोपाशेजारी पऱ्हाटीची काडी रोवायचे. रोप जळालं तरी काडी उभीच! लोहाचं तसंच आहे. पेशी मेली तरी लोह मागे राहतं, साफसफाई करणाऱ्या पेशी ते उचलून घेतात आणि ठिपका काही काळ दिसतच राहतो. चाळीस वर्षं स्कॅनचे रिपोर्ट लिहिले, पण नुसत्या ठिपक्यावरून ‘पेशी जिवंत’ असं मी लिहिणार नाही.

म्हणून संशोधक दुसरी वाटही चाचपत आहेत. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर जाऊन चिकटणारं एक्सेंडिन किरणोत्सारी करून शिरेतून देतात आणि पेट (PET) स्कॅन, म्हणजे अंगातला किरणोत्सार टिपणारा स्कॅन, काढतात. पण ते किडनीतही भरपूर साठतं, त्यामुळे शेजारचं नीट दिसत नाही.

पेशी काम करतात का, याचं उत्तर आज तरी साध्या रक्ततपासणीत मिळतं. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइडही बनतं. टोचायच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. नातीच्या रक्तात ते किती आहे, तिच्या डॉक्टरांना विचारा.

बाकी हे रोपण सध्या मुख्यतः मोठ्या माणसांसाठी आहे, ज्यांची साखर कळायच्या आत घसरते त्यांच्यासाठी. त्यापायी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सतत घ्याव्या लागतात. पोरीचं इन्सुलिन एक दिवसही चुकवू नका आणि ‘पेशी टोचून मधुमेह घालवतो’ म्हणणाऱ्याकडे घडाचे पैसे नेऊ नका.