सीआयडीतले एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम, त्याआधी काय करायचे?

बँकेत होते हो! सेंट्रल बँक ऑफ इंडियामध्ये कॅशियर. नोकरी सांभाळून नाटकं करायचे, मग हळूहळू टीव्ही आणि सिनेमा. १९९८ ला सोनीवर सीआयडी सुरू झाली त्याच्या आधीच दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' नावाची पोलीस मालिका होती, त्यात ते होते आणि ती पण सीआयडी बनवणाऱ्या बी. पी. सिंग यांचीच, म्हणजे प्रद्युम्नचं मूळ तिथंच आहे असं मला वाटतं. सीआयडी पहिल्यांदा २०१८ पर्यंत चालली, वीस वर्षं एकच रोल, आणि २००४ मध्ये तर १११ मिनिटांचा एपिसोड एकही कट न घेता शूट केला, गिनीजमध्ये नोंद आहे त्याची.

पण खरं सांगू का, "दया, कुछ तो गड़बड़ है" एवढ्यावरच त्यांना ओळखणं म्हणजे अन्याय आहे. 'वास्तव' मधला संजय दत्तचा बाप बघा, कसा आतून तुटलेला माणूस उभा केलाय! आणि 'उत्तरायण' हा मराठी सिनेमा नक्की बघा, नीना कुलकर्णींसोबत, उतारवयातलं प्रेम इतकं साधं आणि खरं केलंय त्यांनी की एसीपी आठवतच नाही.